आजोबांचा धोटा

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक लाकडी वस्तू होती. दीड-पावणेदोन वीत लांब, दोन्ही टोकांना निमुळती, टोकांवर लोखंडी टोपण आणि मध्ये पोकळ. दुसरीत असताना मी तिची होडी करून पाण्याच्या पिंपात सोडली आणि आजोबांच्या हातचे दोन धपाटे खाल्ले. होडी कसली, तो धोटा होता! मुंबईच्या गिरणीत आजोबांनी सदतीस वर्षं साचा चालवला. साचा म्हणजे कापड विणायचा यांत्रिक माग. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पडलीच. आजोबा गावी परतले, माझे बाबा कामाच्या शोधात पिंपरीला आले. गिरणीची आठवण म्हणून घरात राहिला तो हा एक धोटा.

या वर्षी तो मी शाळेत नेला. वर्ग पाचवीचा, धडा कपडे कसे तयार होतात याचा. मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी धोटा बघितला नसेल, म्हणून आधी तो चालतो कसा ते सांगते. कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात आणि आडव्या धाग्याला बाणा. बाण्याची कांडी धोट्याच्या पोटात बसवतात. मग धोटा ताण्याच्या मधून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे खटाखट पळत राहतो. कांडी संपली की नवी घालायची. पण नव्या कांडीच्या धाग्याचं टोक धोट्याच्या कडेच्या त्या बारीक भोकातून बाहेर काढायचं कसं? सुईत दोरा ओवतात तसं ओवत बसायला वेळ नसायचा, कारण विणकराला पैसे मिळायचे तयार कापडाच्या हिशेबाने. साचा थांबला की कमाई थांबली. मग विणकर त्या भोकाला सरळ तोंड लावायचा आणि श्वास आत ओढायचा. सुर्रकन धागा बाहेर!

हे मी करून दाखवलं आणि धोटा पहिल्या बाकावर दिला. एका मुलाने लगेच तो तोंडाशी नेला.

"शीऽऽ! बाईंचं उष्टं!" शेजारचा ओरडला आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर धोटा सगळीकडे फिरला, पण तोंड कुणीच लावलं नाही.

हसू ओसरल्यावर मी त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. या 'शी'पायी मुंबईच्या गिरण्यांत हजारो माणसांना चांगल्या पगाराचं काम वर्षानुवर्षं मिळालं नाही.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी कोकणातून, देशावरून माणसं कामाला आली. त्यांत सगळ्या जातींचे लोक होते. ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, तेही होते. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, शाळेत बाहेर बसवत. त्यांना वाटलं असेल, मुंबईत यंत्राला काय कळतंय कुणाची जात कुठली! यंत्राला नव्हतंच कळत. कताईच्या खात्यात, म्हणजे सूत काढायच्या खात्यात, त्यांना काम मिळालं. पण विणाई खात्याचं दार काही उघडलं नाही. एका साच्यावरचा धोटा एकापेक्षा जास्त माणसांच्या तोंडी लागणार. मग 'त्यांनी' तोंड लावलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, असं सवर्ण विणकर म्हणत. मराठा, कुणबी, मुसलमान असे जे विणकर होते, त्यांत या गोष्टीवर फारसं दुमत नव्हतं.

आता गंमत बघा. गंमत कसली, राग येईल अशी गोष्ट आहे. कताईपेक्षा विणाईचा पगार चांगला होता. म्हणजे ज्या खात्यात पैसा जास्त, नेमकं तिथेच उष्ट्याचं कारण निघालं. शिवाय तोंड न लावता हाताने धागा ओवता येईल असे धोटे तेव्हा जगात होते. तोंडाने धागा ओढताना कापसाची तुसं छातीत जातात, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तसले धोटे कायद्याने बंद केले होते. धोटा बदलला असता तर रोगाचा आणि विटाळाचा, दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटले असते. पण बदलायची घाई कुणाला होती? विणकरांच्या कामात वाटेकरी कमी होते आणि मालकाला कमी पगारात राबणारी माणसं दुसऱ्या खात्यात आयती मिळत होती.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा फार मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने घरी बसले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत, गिरणगावातच राहत होते. पुढारी कामगारांच्या मागण्यांची यादी करत होते. बाबासाहेबांनी त्यांना सांगितलं, अस्पृश्य कामगारांना गिरणीतलं कुठलंही काम करायचा हक्क हवा, ही मागणी यादीत घाला, नाहीतर आमच्या लोकांना मी संपापासून दूर राहायला सांगेन. पुढाऱ्यांनी कुरकुरत ती घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालक काय म्हणाले असतील? हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असं म्हणाले! आणि ते अर्धं खरंही होतं. गिरणीच्या दारावर 'अमक्यांना प्रवेश नाही' अशी पाटी मालकाने लावलेली नव्हती. पाटी कामगारांच्या मनात होती, आणि मालकाला तिचा खर्च काहीच नव्हता.

इथे जरा अवघड भाग आहे. मोठ्यांनी हा मुलांबरोबर बसून वाचावा.

जगात अर्थव्यवस्था कशी चालावी याबद्दल दोन मोठे विचार आहेत. एक भांडवलशाहीचा. कारखाने खासगी मालकांचे, ते नफ्यासाठी चालतात. या विचाराचे लोक म्हणतात, पैशाला जात नसते, रंग नसतो. चांगला कामगार मिळत असेल तर मालक त्याची जात बघून नुकसान कशाला करून घेईल? बाजार वाढू द्या, भेद आपोआप गळून पडतील. दुसरा विचार समाजवादाचा आणि साम्यवादाचा. कारखाने सगळ्यांच्या मालकीचे व्हावेत. या बाजूचे बरेच लोक तेव्हा म्हणत, खरा भेद मालक आणि कामगार एवढाच. तो मिटला की जातीचा भेद आपोआप मिटेल.

'आपोआप' हा शब्द दोन्हीकडे आहे, लक्षात आलं का? आमच्या आजोबांचा धोटा दोघांनाही अडचणीत टाकतो. बाजार होता, नफा होता, तरी विणाईचं दार उघडलं नाही. आणि कामगारांची एकजूट होती, संप होता, तरी ते दार आतून कामगारांनीच धरून ठेवलं होतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातीविषयी एक भाषण लिहिलं. ते त्यांना करू दिलं गेलं नाही, मग त्यांनी ते पुस्तकरूपाने छापलं. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जातीमुळे नुसती कामं वाटली जात नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडली जातात आणि एकमेकांच्या वर-खाली रचली जातात. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली. तिथे ते म्हणाले की कामगारांचे शत्रू दोन, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची माणसं नव्हेत, समता नाकारणारी वृत्ती, आणि ती कुठल्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. अस्पृश्य माणसाला रेल्वेत हमाल म्हणून घेत नसत. का? तर स्टेशनवरचा हमाल स्टेशनमास्तरच्या घरची कामंही करायचा. तिथे घरात शिरायचा प्रश्न येई, म्हणून स्टेशनवरची नोकरीच बंद!

बाबासाहेब कामगार चळवळीच्या विरोधात होते असं मात्र समजू नका. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या कायद्याविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. पुढे ते दिल्लीत सरकारात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हाच्या प्रयत्नांतून १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास कमी होऊन ४८ झाले. तुमच्या बाबांची शिफ्ट आठ तासांची असते ना, त्यामागे तेही आहेत. (आणि रविवारच्या सुट्टीमागे आहेत नारायण मेघाजी लोखंडे. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. गिरणी कामगारांना ती १८९० साली मिळाली.)

फुल्यांचं नाव निघालंच आहे तर धाग्याबरोबर जरा लांब जाऊन येऊ, अगदी अमेरिकेपर्यंत. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले काळे लोक आणि त्यांची मुलंबाळं गुलाम म्हणून राबत. तो कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जाई. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, कापूस यायचा थांबला आणि इंग्रज व्यापारी मुंबईकडे वळले. आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी रग्गड पैसा केला. त्या युद्धातून दोन गोष्टी इकडे पोचल्या असं मला वाटतं. व्यापाऱ्यांना दिसले कापसाचे भाव. पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांना दिसले मुक्त झालेले गुलाम. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. तिकडच्या काळ्या माणसाचं दुःख आणि इकडच्या शूद्र-अतिशूद्रांचं दुःख त्यांना एकाच जातकुळीचं वाटलं.

वंश आणि जात एकच नव्हे. कातडीचा रंग डोळ्यांना दिसतो, जात दिसत नाही, ती विचारावी लागते. पण कामाच्या जागी दोन्ही कशा सारख्या वागतात बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत चांगल्या पगाराची कुशल कामं गोऱ्या कामगारांसाठी राखलेली होती. १९२२ साली मालकांनी पैसे वाचवायला त्यातल्या काही कामांवर काळ्या कामगारांना घ्यायचं ठरवलं, तेव्हा गोऱ्या कामगारांनी बंड केलं. त्यांच्या फलकावर जगातल्या कामगारांना एक व्हायची हाक होती, आणि कशासाठी? तर गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धोटाच आठवला.

आता घरी येऊ. पिंपरीत.

पिंपरीत पेनिसिलिन बनवायला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी काढली १९५४ साली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, इथून जवळच, देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तोवर राज्यघटनेने अस्पृश्यता संपवली होती आणि सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा आल्या होत्या. १९६२ साली एमआयडीसी आली, मग मोटारी, स्कूटर, सुटे भाग, मग १९९१ नंतर चाकण. इथल्या कँटीनमध्ये सगळे एका रांगेत ताट धरतात. 'तुम्ही त्या नळावर जा' असं कुणी म्हणत नाही. माझ्या पणजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. हा फरक लहान नाही.

पण खासगी कंपनीला राखीव जागांचा नियम लागू नाही. आणि दार बंद करायला पाटी लागत नाही, हे आपण गिरणीत पाहिलंच. प्रा. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले प्रा. पॉल ॲटवेल यांनी एक साधा प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येतात ना, तशा ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. एका नोकरीसाठीच्या अर्जांत शिक्षण सारखंच, फक्त नाव-आडनाव वेगळं. कुणाचं सवर्ण वाटेल असं, कुणाचं दलित, कुणाचं मुसलमान. दलित नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या दोन-तृतीयांशच निघाली. मुसलमान नावाची तर एक-तृतीयांश. अमेरिकेतही गोऱ्या आणि काळ्या नावांवर असाच प्रयोग झाला होता, तो २००४ साली छापून आला. उत्तर तसंच. रोज हजेरी घेताना मी पंचेचाळीस आडनावं मोठ्याने वाचते. तो प्रयोग वाचल्यापासून कधी कधी मध्येच थांबायला होतं.

दुसरी गोष्ट जमिनीची. खेड तालुक्यातल्या गावांत कंपन्यांसाठी जमिनी गेल्या. मोबदला कुणाला मिळाला? ज्याच्या नावाचा सातबारा, त्याला. हा कायदाच आहे, त्यात कुणी लबाडी केली असं नाही. पण त्याच रानात पिढ्यान् पिढ्या खुरपणी-काढणी करणाऱ्याच्या नावावर गुंठाही नव्हता. त्याची मजुरी गेली आणि हातात काही आलं नाही. आणि गावोगाव भूमिहीन कोण होते, हे नशिबाने ठरलेलं नव्हतं. अमेरिकेतही १८६५ साली मुक्त झालेल्या काही गुलामांना जमिनीचे तुकडे देऊ केले होते. त्याच वर्षी ते बहुतेक काढून घेतले. बाबासाहेबांनी १९४७ साली सुचवलं होतं की शेतजमीन आणि मोठे उद्योग सरकारच्या मालकीचे करावेत आणि हे राज्यघटनेतच लिहून ठेवावं. ते काही झालं नाही. झालं असतं तर सगळं ठीक झालं असतं, असं मी म्हणणार नाही, कारण सरकारी मालकी असलेल्या रेल्वेतही माणसं जात बघतच होती. पण सातबारा कोरा असणाऱ्याला बाजार कुठून संधी देणार, हा त्यांचा प्रश्न चाकणच्या रस्त्यावरून बसने जाताना रोज समोर येतो.

वर्गाला मी गृहपाठ दिला होता. घरी विचारून या, तुमच्या आई-बाबांच्या कामावर कोणकोण काय काम करतं. दुसऱ्या दिवशी हात वर झाले. एक जण म्हणाला, "पप्पांचा शर्ट निळा, शेजारच्या काकांचा राखाडी. मशीन एकच, पगार निम्मा. काका ठेकेदाराकडचे आहेत." ही जात नव्हे, हे मी त्यांना सांगितलं. पण राखाडी शर्टात कोण जास्त आहेत आणि का, हा प्रश्न आपण लिहून ठेवला पाहिजे, हेही सांगितलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या कॉलनीत झाडायला येणाऱ्या मावशी आणि त्यांच्या सासूबाई, दोघी हेच काम करतात." मग तिने मलाच विचारलं, "बाई, तुमच्या आजोबांच्या शेजारच्या साच्यावर कोण होतं?"

मला माहीत नव्हतं. आजोबांनी धोट्याची गोष्ट शंभर वेळा सांगितली होती, तोंडाने धागा ओढून दाखवला होता, पण हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. आजोबा आता नाहीत. आजी गावी आहे, नव्वदीच्या पुढची, पण डोकं शाबूत. रात्री तिला फोन लावला.

"शेजारी ना? आपलीच सगळी. गाववाली."

"आणि दलितवस्तीतले? तेही होते ना मुंबईला?"

"होती की. ती दुसऱ्या खात्यात."

"त्यांना साच्यावर येऊ देत नव्हते का गं?"

आजी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अडवलं कुणी नव्हतं बाई. ती येतच नव्हती."

दुसऱ्या दिवशी हे जसंच्या तसं मी वर्गात सांगितलं. आमच्या घरातली गोष्ट होती, सांगताना घसा जरा कोरडा पडला. पहिल्या बाकावरचा तो मुलगा, ज्याने धोटा तोंडाशी नेला होता, म्हणाला, "बाई, हे तर मालकांसारखंच झालं."

धोटा सध्या माझ्या टेबलावर आहे. तुमच्या घरी किंवा शेजारी कुणी गिरणीत, रेल्वेत, बंदरात नाहीतर पिंपरीच्या एखाद्या जुन्या कंपनीत काम केलेलं असेल, तर त्यांना दोन प्रश्न विचारा. तुम्ही कुठल्या खात्यात होतात, आणि त्या खात्यात कोण नव्हतं. आजी-आजोबा सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीच्या एका पानावर लिहा आणि साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. कुणी 'येतच नव्हती' म्हणालं, तर तेही तसंच लिहा.